मिलर परिणामाची कुळकथा

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर शंभरपट गेन देतो. प्रत्यक्षात वारंवारता वाढवत नेली, की तो अपेक्षेच्या फार आधीच ढासळू लागतो. बहुतेक वेळा कारण असते बेस आणि कलेक्टर यांच्यामधला एक-दोन पिकोफॅरडचा कपॅसिटन्स. त्याचे गणित मात्र ट्रान्झिस्टरचा शोध लागण्याच्या 27 वर्षे आधी, 1920 साली छापून आले होते.

ते मांडले जॉन मिल्टन मिलर यांनी. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ते तीन इलेक्ट्रोडच्या निर्वात नळीचा अभ्यास करत होते. प्लेटवरचा भार बदलला की ग्रिडकडून दिसणारा इम्पिडन्सही बदलतो, असे त्यांनी दाखवले. इनपुट एक मिलिव्होल्ट वर चढले की आउटपुट शंभर मिलिव्होल्ट खाली येते. मधल्या कपॅसिटरवर 101 मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि त्याला लागणारा सगळा प्रवाह इनपुटलाच पुरवावा लागतो. म्हणून दोन पिकोफॅरड तिथे 202 भासतात. सोर्सचा रोध एक किलोओहम असेल, तर एवढ्याने गेन 790 किलोहर्ट्झच्या सुमारास उतरू लागतो. हा गुणाकार नसता, तर तेच 80 मेगाहर्ट्झच्या आसपास घडले असते!

रेडिओवाल्यांनी यावर तोड काढली. हेझेल्टाइन यांच्या न्यूट्रोडाइनने उलट्या फेजचा प्रवाह सोडून हा परिणाम खोडला. पुढे टेट्रोडमध्ये प्लेट आणि ग्रिड यांच्यात पडदाजाळीच आली. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात कॅस्कोडने तेच काम केले. 1954 मध्ये जियाकोलेटो यांनी हायब्रिड-पाय मॉडेल मांडले आणि हा कपॅसिटन्स ट्रान्झिस्टरच्या आकृतीत कायमचा येऊन बसला.

विद्यार्थी या गुणाकाराचे ‘एक अधिक गेन’ हे सूत्र पाठ करतात, पण त्याची मर्यादा त्यांना क्वचितच सांगितली जाते, याची मला खंत वाटते. त्यातला गेन मध्यम वारंवारतेचा असतो. गेन उतरू लागला की गुणाकारही घटतो. त्यामुळे पहिल्या उताराचा अंदाज घ्यायला हे सूत्र उत्तम. त्यापलीकडे पूर्ण समीकरणच सोडवावे.

1968 च्या 741 ऑप-अँपमध्ये तर 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर बेस आणि कलेक्टर यांच्यामधल्या याच जागी मुद्दाम बसवला. त्यामुळे त्याचा गेन जेमतेम 5 हर्ट्झपासून उतरू लागतो, आणि म्हणूनच पूर्ण फीडबॅक देऊनही तो आपोआप दोलन करू लागत नाही.