पेट्या पोखरणला पोचवायच्या आहेत

चला, गणवेश चढवा. घटकाभर समजा, तुम्ही परांडा तालुक्यातल्या सोनारीचे, फौजेत भरती झालेले जवान आहात. काळभैरवनाथाच्या चैत्रातल्या यात्रेची रेटारेटी, धूळ, आरडाओरडा तुमच्या अंगवळणी पडलेला. आज मात्र कुणाची नजर आपल्याकडे वळू न देणं, हीच तुमची ड्युटी आहे.

साल 1998, मे महिन्याची पहिली पहाट. अजून मिट्ट काळोख आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून चार लष्करी ट्रक निघालेत. मुंबईचा दमट उकाडा, डिझेलचा धूर, घामानं पाठीला चिकटलेलं बनियन. मागे पेट्या आहेत. आत काय, हे विचारायचं नाही. आत अणुचाचणीसाठीचे प्लुटोनियमचे गोळे आहेत.

विमानतळावर हवाई दलाचं एएन-32 उभं आहे. मागचं दार खाली उतरलंय. इंधनाचा उग्र दर्प थेट डोक्यात जातो. पेटी उचला, पावलं जपून टाका, पट्टे आवळा, पुन्हा एकदा ओढून बघा. पंखे फिरायला लागले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. हातांच्या खुणा आणि डोळे, एवढ्यावरच काम चालतं. दोनेक तास दात, गुडघे, बाकडं सगळं थरथरत राहतं.

जैसलमेरला दार उघडतं आणि कोरडी झळ तोंडावर येते. ओठ लगेच फुटतात. पुन्हा ट्रक. सगळं सामान पोखरणला न्यायला तीन खेपा कराव्या लागतात. जेवणात वाळू, बुटात वाळू, पाण्याच्या घोटातही वाळू.

माणसांची ने-आणही सामानाइतकीच जपून चाललीय. शास्त्रज्ञ दोघे-तिघे मिळून, वेगवेगळ्या वाटांनी, वेगळ्या नावांनी येतात. टोपीखालून लांब केस डोकावणाऱ्या त्या 'मेजर जनरल पृथ्वीराज'ना सलाम ठोका. ते शास्त्रज्ञ डॉ. अब्दुल कलाम आहेत. 'मेजर जनरल नटराज' म्हणजे अणुशास्त्रज्ञ डॉ. चिदंबरम. भाभा केंद्राचे संचालक अनिल काकोडकरही लष्करी वेशात इथेच आहेत.

खरं काम रात्री. जनरेटरची घरघर, विंचवाची भीती, दोरखंडानं सोलवटलेले तळहात. फटफटायच्या आत प्रत्येक गाडी कालच्याच जागी, कालच्याच तोंडानं उभी करायची. वाळूचे ढिगारेसुद्धा वारा वाहतो त्या दिशेनं सारखे करायचे. वरून उपग्रह बघतोय.

मग 11 मे. सकाळपासून सगळे वाऱ्याकडे डोळे लावून बसलेत. तो वस्तीच्या दिशेनं वाहतोय, म्हणून थांबायचं. जवळच्या खेतोलई गावातली माणसं घराबाहेर काढलीत. दुपारी वारा पडतो. पावणेचारला जमिनीखाली अणुस्फोट होतो, पायाखालची जमीन हादरते, धुळीचा लोट उठतो आणि आसपासच्या घरांच्या भिंतींना तडे जातात.

त्या हादऱ्याबद्दल काय वाटावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण पेट्या सुखरूप पोचल्या, माणसं गुपचूप आली आणि जगाला पत्ता लागला नाही, ही वाहतुकीची कामगिरी आहे. पोखरणचा इतिहास सांगताना ट्रक चालवणाऱ्यांना, विमान उडवणाऱ्यांना आणि पट्टे आवळणाऱ्यांना त्यात मानाची जागा द्या.