शीलाची रोजची मशागत

यशवंतपूर स्थानकावर रात्री गाडीची शिटी होते आणि परगावी नेमणूक झालेल्या माणसाचे मन घराकडे धावते. अशा वेळी मला दोन परस्थ पुरुष आठवतात.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस (कारकीर्द इ. स. १६१ ते १८०) डॅन्यूबकाठच्या रणधुमाळीत स्वतःसाठीच ग्रीक भाषेत टिपणे लिहीत असे. जे हाती नाही त्याचा शोक न करता हातचे कर्तव्य चोख करावे, हे स्टोइक तत्त्व त्याने मनावर पुनःपुन्हा ठसविले.

लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता तेथेच आली; दुःख झाले, पण अध्ययन सुटले नाही. हे धैर्य मंडालेत उपजले नव्हते. डेक्कन कॉलेजात त्यांनी पहिले वर्ष तालमीला व पोहण्याला दिले. परीक्षा गेली, पण नेम अंगी मुरला.

गतवर्षी आईच्या आजारपणात माझी रजा नामंजूर झाली. रोज पहाटे दोन पाने वाचण्याच्या जुन्या सवयीने तेव्हा मला सावरले. पुरते नव्हे, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याइतके.