सातारा-सांगलीच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शने : पूर्वपीठिका आणि घडण

शालेय विज्ञान प्रदर्शन, म्हणजे विद्यार्थ्यांनी तयार केलेली उपकरणे व प्रतिकृती परीक्षकांपुढे आणि गावकऱ्यांपुढे मांडून त्यांमागील तत्त्व समजावून सांगण्याचा उपक्रम, सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शासकीय परिपत्रकांच्या वाटेने आला हे खरे असले, तरी तो येथे रुजला याचे सारे कारण त्या परिपत्रकांत सापडणार नाही. वस्तू घडवावी, ती चारचौघांत चालवून दाखवावी आणि शंका घेणाऱ्याचे समाधान करावे, ही रीत या कृष्णाकाठी कितीतरी आधीपासून होती.

हे दोन्ही जिल्हे जुन्या सातारा जिल्ह्यातून व भोवतालच्या संस्थानांच्या मुलखातून घडले; १९४९ साली उत्तर व दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिल्यावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे कारखाना आणि वसाहत उभारली, आणि लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. कराडजवळ ओगलेवाडीला काचकारखाना निघाला, तर साताऱ्यात १९२२ साली धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांच्या मालाची विक्री करत खेडोपाडी फिरलेले भाऊराव पाटील यांनीच पुढे रयत शिक्षण संस्थेची शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत नेली. संस्थेची स्थापना १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे झाली, पण त्याआधी सांगलीकडच्या दूधगावातही त्यांचे शैक्षणिक काम सुरू झाले होते. नांगर आणि पाटी एकाच माणसाने एकाच रयतेच्या दारी न्यावी, ही या भागाच्या शिक्षणेतिहासातील फार मोलाची घटना आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलार जनावराची पारख सर्वांसमक्ष होत असे, त्यामुळे मांडणी, पाहणी आणि निवाडा हा क्रमही लोकांच्या परिचयाचा होता.

मुलांच्या विज्ञान मेळ्यांची आधुनिक परंपरा मात्र बाहेरची. न्यूयॉर्क येथे १९२८ साली असा मेळा भरला आणि १९५० साली फिलाडेल्फियात अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय मेळा झाला. भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे विज्ञान सक्तीचे असावे अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९७१पासून मुलांसाठी राष्ट्रीय प्रदर्शन भरवण्यास प्रारंभ केला आणि १९८८ साली त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आल्याने तालुका, जिल्हा, राज्य अशी चढती उतरंड उभी करणे सोपे गेले.

मात्र प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक शाळेत उपकरण घडणार कशाचे, हा प्रश्न राहिलाच. १९८७च्या सुमारास सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून विज्ञानपेटी आली, तरी प्रदर्शनाचा खरा संसार पुठ्ठा, सायकलची नळी, टॉर्चचे सेल आणि दवाखान्यातील रिकाम्या वस्तू यांवरच चालला. सलाइनच्या नळीने जोडलेल्या दोन सिरिंजांत रंगीत पाणी भरून केलेला जेसीबीचा हात हे त्याचे परिचित उदाहरण होय. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर सरकतो, कारण बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. यालाच पास्कलचा नियम म्हणतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर मात्र हात अडखळतो, कारण हवा दाबली जाते आणि पाणी जवळजवळ दाबले जात नाही. परीक्षकाने असा अडखळलेला हात पाहून गुण कापण्यापेक्षा तो का अडखळला हे विचारावे. त्याचे उत्तर देणारी मुलगी सफाईदार, विकत आणलेल्या प्रतिकृतीशेजारी मुकाट उभ्या असलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक शिकलेली असते.

सलाइनचीच बाटली उलटी टांगून, तिच्या नळीवरील चाकाने थेंब कमी-जास्त करून ठिबक सिंचन दाखवता येते, आणि माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत हा विषय पुस्तकी राहत नाही. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप तसेच २००५ व २०१९चे कृष्णेचे पूर यांमुळे भूकंपमापक आणि पुराची सूचना देणारी घंटा यांनाही येथे असाच घरचा संदर्भ आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराबरोबर जे शेतात केले, निरीक्षण करावे, नोंद ठेवावी, शेजाऱ्याला सांगावे, तेच शाळेच्या पटांगणात अपेक्षित आहे. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून चालवलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनेही विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव विचारण्याची सवय लावू पाहिली.

अलीकडच्या काळात प्रदर्शनाचा प्राथमिक गट सामान्यतः सहावी ते आठवीचा धरला जातो, त्यामुळे त्याखालच्या वर्गांतील मुले तालुक्याच्या प्रदर्शनात प्रामुख्याने प्रेक्षक म्हणून येतात. ज्या वयात मूल सर्वाधिक प्रश्न विचारते, त्याच वयाला टेबलामागे जागा नसावी, ही या व्यवस्थेतील उणीव आहे. बी रुजवणे, सावली मोजणे, पावसाचे पाणी बाटलीत साठवून रोज नोंदणे यांसारखी कामे चौथीचे मूलही आपल्या गावकऱ्यांपुढे मांडू शकते, आणि त्यासाठी शाळेचा व्हरांडा पुरतो.