जमिनीखालच्या नहरीचा माग

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि तिला पाणी आणले ते जमिनीखालून. पुढे आमच्या शहागंज मशिदीच्या हौदांनाही तेच पाणी मिळाले. ती बुजलेली नहर आज शोधायची कशी? धातुशोधक कुचकामी, दगड-चुन्याची पोकळी आणि खापरी नळ, धातू नाहीच. भूवेधी रडार परतलेल्या लहरींवरून पोकळी ओळखते, पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी लवकर विरतात. म्हणून मी अजून उच्छ्वासच शोधत फिरतो. हवा खेळावी, सफाईला माणूस उतरावा, यासाठी ठेवलेली ही तोंडे. तीन-चार एका ओळीत सापडली, की खालची वाट कळते. मोबाइलमधले जीपीएस माझी जागा सांगते, नहरीची नव्हे. दाट गल्लीत तर तीही काही मीटर चुकते! एखाद्या नव्या इमारतीच्या पायाखाली दोन उच्छ्वास लागोपाठ गेले, तर नहर मधे कुठे वळली हे खोदल्याशिवाय कळत नाही.