मुरोत्सु बंदरचीं टिपणें व भूकंपाचें गणित

जपानांतील शिकोकु बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मुरोत्सु हें बंदर आहे. नानकाईचा महाभूकंप झाला कीं तेथील भूमि उचलली जाऊन बंदर उथळ होतें. ही उचल १७०७ सालीं १.८, १८५४ सालीं १.२ व १९४६ सालीं १.१५ मीटर झाली, असें धरितात. पैकीं पहिल्या मापाचा आधार बंदराच्या कामदार कुबोनो घराण्याचे कागद होत.

शिमाझाकी व नाकाता यांनीं १९८० सालीं असें सूत्र मांडिलें कीं, उचल मोठी तर पुढील भूकंपास विलंब अधिक. १७०७ नंतर १४७ व १८५४ नंतर ९२ वर्षें गेलीं, मेळ बसतो. १८५४ चें प्रमाण घेऊन त्रैराशिक केल्यास १९४६ नंतर ८८ वर्षें, म्हणजे २०३४ साल येतें. दोन अंतरांची नुसती सरासरी घेतल्यास २०६५ चा सुमार.

परंतु १८५४ च्या मापांत दहा सेंटिमीटरांची चूक निघाली तरी उत्तर सात-आठ वर्षें सरकतें. आणि जुनीं मापें कोठें, कशीं घेतलीं हें कागदांवरून निश्चित होत नाहीं. म्हणून जपानच्या सरकारी समितीनें २०२५ सालीं तीस वर्षांतील संभवाचा ‘सुमारें ८० टक्के’ हा एकच आंकडा सोडून ‘६० ते ९० टक्के वा अधिक’ अशी मर्यादा दिली. उचल न धरितां केलेल्या गणितानें २० ते ५० टक्केच येतात.

तात्पर्य, गणित कितीहि शुद्ध असो, त्याची इमारत अखेर कागदाच्या खरेपणावरच उभी असते.