बंद पाकिटातील कारण

गोडदेवहून मुंबईच्या विमानतळावर कामाला जाणाऱ्यासही प्रवेशपत्रापूर्वी पोलीस-चौकशीची चाळणी पार करावी लागते. चौकशी हवीच, परंतु नकार मिळाला तर दाद कशी मागावयाची?

1949 च्या राष्ट्रसुरक्षा नियमांखाली रेल्वेने काही नोकरांना कम्युनिस्ट चळवळीच्या ठपक्यावरून कमी केले. त्यांना आरोप कळविलेले होते. तरी 1957 साली सर्वोच्च न्यायालयात, बालकोटय्या खटल्यात, ते हरले. 1983 साली त्याच न्यायालयाने रघुवंशी खटल्यात मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला न्याय दिला. पूर्वीच्या राजकीय कार्याचा पोलीस-अहवाल हे नोकरी हिरावण्याचे कारण होऊ शकत नाही, असे ठरले.

पुढे आरोपच पाकिटात गेला. ‘मीडिया वन’ या मल्याळी वृत्तवाहिनीस गृहखात्याने सुरक्षा-मंजुरी नाकारली, आणि कारणे बंद पाकिटातून केवळ न्यायाधीशांना दाखविली. 2022 साली केरळ उच्च न्यायालयाने ते मान्य केले. 5 एप्रिल 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी तो निर्णय फिरविला. राष्ट्रसुरक्षेचे नुसते नाव घेऊन बाजू मांडण्याचा हक्क बुडविता येत नाही, असे त्यांनी सांगितले.

तथापि 2025 साली, विमानतळसेवेतील ‘चेलेबी’ कंपनीच्या खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने पाकीट पाहून सरकारची बाजू उचलून धरली. प्रश्न मिटलेला नाही. आरोपच ठाऊक नसलेल्या माणसाने उत्तर तरी कशाचे द्यावे?