दुरुस्तीचा देखावा: घरगुती कॉम्प्युटरवरच्या खोट्या दुरुस्ती-प्रोग्रॅमचा इतिहास

आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा एका गृहस्थांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "हा इतिहासाचा विषय कसा? हा तर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराचा विषय." त्यांचं अगदी चुकलं असं नाही. पण या प्रकारावर आता खटले झालेत, आरोपपत्रं आहेत, निकाल आहेत, पैशांचे हिशेब उघड झालेत. कागद साठले की इतिहास सुरू होतो. शिवाय या गोष्टीत मी स्वतः एकदा मोठी चूक करून बसलोय. ती पुढे सांगतो.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. तुमची स्कूटर पंक्चर झाली तर तुम्हाला दिसतं. मिक्सर जळला तर वास येतो. कॉम्प्युटर बिघडला हे कशावरून कळतं? तो स्वतः पडद्यावर सांगतो म्हणून. आणि पडद्यावर जे उमटतं ते यंत्रच बोलतंय की यंत्रात शिरलेलं दुसरं कोणी, हे ओळखायची सोय घरातल्या माणसाकडे नसते. हा सगळा धंदा या एका अडचणीवर उभा राहिला.

खोट्या दुरुस्तीच्या आधी खरी दुरुस्ती होती, हे मात्र ध्यानात घेतलं पाहिजे. १९८२ साली पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने नॉर्टन युटिलिटीज हा संच बाजारात आणला. त्यातला नावाजलेला प्रोग्रॅम चुकून पुसलेली फाइल परत आणायचा. लोकांना ती जादू वाटे. आत काय होतं? डॉसमध्ये फाइल पुसली की फाइल जात नसे. यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण टाकली जाई, आणि ती जागा रिकामी आहे असं समजलं जाई. म्हणजे वहीच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं, पान तसंच. पानावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत ते वाचता येई. हे पानाचं लक्षात ठेवा, मला ते पुन्हा दोनदा लागणार आहे.

तर अशी खरी साधनं होती, ती उपयोगी पडत, त्यामुळे "दुरुस्तीचा प्रोग्रॅम" या वस्तूला बाजारात पत होती. त्या पतीवर पहिला मोठा डल्ला १९९५ साली पडला. सॉफ्टरॅम ९५ नावाचा प्रोग्रॅम निघाला. विंडोज ९५ नुकतंच आलं होतं, मेमरी महाग होती, आणि हा प्रोग्रॅम म्हणे आहे ती मेमरी दुप्पट करून देणार. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी उघडून पाहिलं तर आत मेमरी वाढवणारं काही नव्हतंच. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणारं फेडरल ट्रेड कमिशन हे सरकारी खातं आहे. आज त्याचं नाव सारखं येणार आहे, मी नुसतं कमिशन म्हणेन. कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली. पण सॉफ्टरॅमने कोणाला घाबरवलं नव्हतं. त्याने लोभ दाखवला होता. भीती नंतर आली.

ती इंटरनेटबरोबर आली. ऑफिसातल्या यंत्रांना निरोप पाठवायला विंडोजमध्ये मेसेंजर सर्व्हिस नावाची एक सोय होती. "सर्व्हर पाच मिनिटांत बंद होणार" वगैरे. घरच्या कॉम्प्युटरवरही ती चालूच असे, कोणाला माहीत नसे. २००३ साली सॅन दिएगोतल्या एका कंपनीवर कमिशनने दावा लावला. ती कंपनी याच वाटेने लोकांच्या पडद्यावर राखाडी चौकटी पाठवत होती, कधी कधी दर दहा मिनिटांनी. आणि विकत काय होती? त्या चौकटी बंद करणारा प्रोग्रॅम, पंचवीस-तीस डॉलरला. (हशा) हसू नका, त्यांचं म्हणणं असं की आम्ही फक्त जाहिरात करतोय. पुढे २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. अशी निमुटपणे बंद झालेली दारं या इतिहासात खटल्यांपेक्षा जास्त कामाची ठरली आहेत, असं माझं मत आहे.

आता युक्रेन. कीव शहरात इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाच्या कंपनीचं मोठं कामकाज होतं. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी त्यांचीच पिल्लं. तुमच्यापैकी ज्यांनी २००६ ते २००८ मध्ये सायबर कॅफेत तास काढलेत त्यांना यातलं एखादं तरी नाव आठवेल. पद्धत अशी. चांगल्या वेबसाइटवर एखाद्या प्रतिष्ठित संस्थेच्या नावाने जाहिरात द्यायची. जाहिरात तपासणाऱ्याला ती सरळच दिसे. वाचकाला मात्र ती उचलून दुसऱ्याच पानावर नेई आणि तिथे "तपासणी" सुरू होई. हिरवी पट्टी पुढे सरकतेय, लाल आकडे वाढतायत. ती तपासणी म्हणजे चलचित्र होतं. तुमच्या हार्ड डिस्कला त्याने हातही लावलेला नसे. कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला. २०१० मध्ये शिकागोत फौजदारी आरोपपत्र आलं: साठाहून जास्त देश, दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम. २०१२ मध्ये कोर्टाने यातल्या एका प्रतिवादीवर १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला.

यात मला एक बारीक गोष्ट फार बोलकी वाटते. या लोकांचं कॉल सेंटर होतं. ओहायोतली एक कंपनी फसलेल्या गिऱ्हाइकांचे फोन घेत असे. चोर चोरी करून तक्रार निवारण कशाला चालवेल? कारण क्रेडिट कार्ड. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली की पैसे उलटे फिरतात, आणि अशा तक्रारी फार झाल्या की कार्डाची सोयच काढून घेतली जाते. तेव्हा कटकट करणाऱ्याला गोड बोला, वेळ पडली तर पैसे परत द्या, पण त्याला बँकेकडे जाऊ देऊ नका. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरवरचे हिशेब अभ्यासले. तिघांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या घरात, आणि पैसे परत देण्याचं प्रमाण या कार्डाच्या मर्यादेकडे बघून ठरवलेलं.

इथपर्यंत एक गोष्ट समान आहे. कॉम्प्युटर ठीक असायचा आणि प्रोग्रॅम सांगायचा की बिघडलाय. २०१० च्या अखेरीस एक नवीन कुळी आली. मायक्रोसॉफ्टने तिला फेकसिसडेफ हे नाव दिलं. पडद्यावर ती सारखी नावं बदले: विंडोज रिकव्हरी, सिस्टिम फिक्स, डेटा रिकव्हरी, स्मार्ट एचडीडी. ही व्हायरसचं नावच काढत नसे. ती म्हणे तुमची हार्ड डिस्क मरतेय. रॅमचं तापमान ८३ अंश झालंय. आता त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरच्या मेमरी पट्टीत तापमान मोजायची सोय सहसा नसेच. पण आकडा ८३. ऐंशी नाही, ८३. खोट्या आकड्याला पाऊणशे-शंभर असं गोल राहून चालत नाही.

आणि मग ती खरंच काहीतरी करी. डेस्कटॉप काळा. स्टार्ट मेनू रिकामा. माय डॉक्युमेंट्स उघडलं तर काही नाही. फोटो नाहीत, पत्रं नाहीत. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येई, कारण इशारा खरा ठरला होता.

ही २०११ ची गोष्ट. माझ्या मावशीचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटरमधलं सगळं गेलंय." डोंबिवलीला गेलो. असेम्बल केलेला पीसी, एक्सपी. त्यावर काकांचे फोटो होते, आणि काकांनी निवृत्तीनंतर मराठीत टाइप केलेल्या गावाकडच्या आठवणी. काका जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी घरातला कॉम्प्युटर कळणारा. पडद्यावर वाचलं, डिस्क खराब. फोल्डर उघडून पाहिली, रिकामी. मी म्हटलं, "मावशी, डिस्क गेली. आता निदान मशीन तरी चालू करून देतो." आणि फॉर्मॅट मारला, विंडोज नव्याने टाकलं. रात्री जेवून परत आलो.

फाइल्स गेल्या नव्हत्या. त्या प्रोग्रॅमने फक्त प्रत्येक फाइलला "लपलेली" हा शिक्का मारला होता. हा शिक्का डॉसच्या काळापासूनचा, एका ओळीच्या आज्ञेने लागतो आणि एका ओळीच्या आज्ञेने निघतो. स्टार्ट मेनूतले शॉर्टकट त्याने उचलून टेम्प फोल्डरच्या आत एस-एम-टी-एम-पी नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले होते, १, २ असे क्रमांक दिलेल्या कप्प्यांत, अगदी नीट. काहीही पुसलं नव्हतं. अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं, पान तसंच. १९८२ मध्ये ज्या गोष्टीवर खरी दुरुस्ती उभी होती तीच गोष्ट उलटी करून खोटी दुरुस्ती उभी केली होती. मला हे सहा महिन्यांनी वाचायला मिळालं.

जिथे वाचलं त्याबद्दलही सांगायला हवं, कारण या इतिहासात तो भाग सहसा येत नाही. ब्लीपिंग कॉम्प्युटर नावाची एक अमेरिकन साइट आहे. तिथे स्वयंसेवक लोकांची यंत्रं एकेक करून साफ करून देत, फुकट. त्यांनी क्रम लावून दिला होता. सेफ मोडमध्ये मशीन चालू करा. आरकिल या छोट्या प्रोग्रॅमने खोटा प्रोग्रॅम थांबवा. मग मालवेअरबाइट्सने तो काढा. बरेचदा बरोबर टीडीएसएस नावाचं, खोल दडणारं आणखी एक बाड येई, त्यासाठी कॅस्परस्कीचं वेगळं साधन. आणि सगळ्यात शेवटी अनहाइड, म्हणजे लपलेल्या फाइल्स पुन्हा दिसत्या करणारा प्रोग्रॅम. या क्रमात एक सूचना ठळक असे: टेम्प फोल्डर साफ करू नका. कारण कॉम्प्युटर साफ करायचा म्हटलं की आपला कोणीही माणूस पहिल्यांदा टेम्प रिकामा करतो, आणि शॉर्टकट तर तिथेच ठेवलेले. म्हणजे शहाणा माणूसच नुकसान करून ठेवायचा. मी तर त्याच्याही पुढे गेलो होतो.

त्याच वर्षी जूनमध्ये एफबीआय आणि इतर देशांच्या पोलिसांनी छापे घातले. एका टोळीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर काढले होते. दुसऱ्या प्रकरणात लॅटव्हियातल्या दोघांनी हॉटेलची जाहिरात म्हणून मिनीॲपोलिसच्या एका वर्तमानपत्राच्या साइटवर जागा घेतली, आणि तपासणी झाल्यावर आतला कोड बदलला. छापे आणि कार्ड कंपन्यांचा दबाव यामुळे ही लाट ओसरत गेली.

मग फोन वाजायला लागले. हा भाग आपल्याला बोचणारा आहे, पण टाळणार नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये कमिशनने सहा दावे एकदम लावले आणि त्यातले बहुतेक फोन भारतातून जात होते. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय." गिऱ्हाइकाला विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगायचं. तिथे निरोगी कॉम्प्युटरवरही लाल-पिवळ्या खुणांची रांग असतेच. आता खोटा प्रोग्रॅम लिहायचीही गरज उरली नाही, विंडोजचीच नोंदवही दाखवली की झालं.

आणि एवढ्यावर तुम्ही म्हणाल की हे सगळे चोरटे लोक. तर २०१९ पाहा. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी, प्रतिष्ठित दुकानांची साखळी. तिथे मोफत "पीसी हेल्थ चेक" करून देत. सुरुवातीला चार प्रश्न: मशीन हळू चालतं का, पॉप-अप येतात का, व्हायरसचे इशारे येतात का, अधूनमधून बंद पडतं का. यातल्या एकाही चौकटीत खूण झाली की निकाल ठरलेला, रोगाची लक्षणं सापडली. तपासणीत काय निघालं याचा निकालाशी संबंधच नव्हता. सिएटलच्या एका टीव्ही वाहिनीने २०१६ मध्ये कोरे कॉम्प्युटर नेऊन दाखवले तेव्हा हे फुटलं. दुकानाने अडीच कोटी आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. कीवमधली सरकती हिरवी पट्टी आणि ही तपासणी यांत फरक एवढाच की इथे काउंटरच्या मागे गणवेशातला मुलगा उभा होता, आणि त्यालाही कदाचित खरंच वाटत असेल. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसमधल्या कंपन्यांनी याच तऱ्हेच्या आरोपावर २ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. म्हणजे विषय संपलेला नाही.

प्रश्न घेऊ. ... हो, मागच्या रांगेतून विचारतायत, मावशीच्या फाइल्सचं पुढे काय झालं.

मी मारला तो फॉर्मॅट झटपट पद्धतीचा होता. त्यात यादी नवी होते, पानं बरीचशी राहतात. म्हणून म्हटलं होतं, दोनदा लागेल. पण वरून विंडोज टाकलेलं, आणि तीन वर्षं भाच्याने गेम आणि सिनेमे भरलेले. २०१४ मध्ये डिस्क काढून आणली आणि फाइल्स परत काढणारा एक प्रोग्रॅम दोन रात्री चालवला. साठेक फोटो आले, नावं गेलेली, काहींचा खालचा अर्धा भाग करडा. आठवणींतले दोन तुकडे आले. एक विहिरीच्या खणतीचा आहे, तो वाक्याच्या मध्येच तुटतो. मावशीला प्रिंट काढून दिली आणि तेव्हाच खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "तुला तरी कुठे ठाऊक होतं," आणि चष्मा शोधायला आत गेली.

पुढचा प्रश्न?